गळ्यातली सवत

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. घरात हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवालासुद्धा मी कधी सांगितलेलं नाही — त्याच्यापुढे हात जोडले की घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागते आणि उदबत्ती लावून मोकळी होते. त्याला कळत असेलच म्हणा. पण त्याला कळणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडानं सांगणं वेगळं, नाही का?

सुरुवात कुठून करू? दागिन्यांपासून करते. ते सोपं आहे.

सोलापूरला आमच्याकडे कुणी पाहुणा आला की परत जाताना त्याला काहीतरी न्यायचं असतं. पूर्वी चादर आणि शेंगाचटणी यावर भागायचं. आता चादरही घरपोच मिळते आणि चटणीही. मग बायकांना हवं असतं ते हातानं घडवलेलं, जुन्या वळणाचं काहीतरी — ठुशी, बोरमाळ, वजरटीक, निदान चांदीची जोडवी तरी. इथली आठवण म्हणून. अशा वेळी सगळ्यांना मी आठवते. मला दागिन्यातलं कळतं, असा माझा नातेवाइकांत लौकिक आहे. ठुशी हातानं गुंफलेली आहे की नुसते मणी चिकटवलेत, हे मी हातात न घेता सांगते. दुकानदार मला जरा वचकूनच असतात. नणंदा-भावजया मागून येतात आणि मी पुढे, पदर खोचून, मोहिमेवर निघाल्यासारखी.

फक्त एका दुकानात मी कुणाला नेत नाही. मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात आहे ते. कुणी त्याचं नाव काढलं तर मी म्हणते, तिथं गाडी लावायला जागा नाही. जागा खरंच नाही. पण म्हणून मी जात नाही, असं नाही.

मी यांची दुसरी बायको. पहिली सुमन. ती काविळीनं गेली, तेव्हा मुक्ता जेमतेम बोलायला लागली होती. मी सोलापुरातच वाढलेली, बी. ए. झालेली, आणि पत्रिकेतल्या मंगळापायी घरात बसून राहिलेली. बिजवराचं स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी देवापुढे पेढे ठेवले. मला राग आला होता का? आला होता. पण तो सांगायची सोय नव्हती. मग मी हसले आणि लग्न केलं.

सासर नातेपुत्याचं. शेतीवाडीचं घर. हे मात्र नोकरीमुळे सोलापुरात. टॉवेलच्या कारखान्यात, बाहेरदेशी माल पाठवायच्या विभागात. लग्नानंतर देवदर्शनाला नातेपुत्याला गेलो, तेव्हा सासूबाईंनी — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो — मला देवघरासमोर बसवलं आणि माझ्या गळ्यात एक काळा दोरा बांधला. दोऱ्यात चांदीचा टाक होता. नखापेक्षा थोडा मोठा पत्रा, त्यावर मागून ठोकून उठवलेली बाई. पदर, कुंकू, जोडलेले हात. चेहरा म्हणाल तर दोन ठिपके आणि एक रेघ.

हा सवतीचा टाक. तुमच्याकडे असेल किंवा नसेल. आमच्याकडे बिजवराशी लग्न केलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं असतं. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, हळदकुंकू लावायचं, मग आपण नेसायची. नवा दागिनाही तसाच. म्हणजे मग ती रागावत नाही, संसारात आडवी येत नाही.

"ही थोरली हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तू मागनं आलीयास. आदी तिला दावायचं, मग आपुन ल्यायचं. आन् धुवायपुरतं सोडून ही गळ्यातनं काडायची न्हाय, काय?"

मी मान डोलावली. बी. ए. झालेली मान. मनात म्हटलं, नखाएवढा तर पत्रा आहे, काय बिघडतंय?

काय बिघडतं ते मला मुक्तानं दाखवलं. नाही — हे चुकलं. मुक्तानं काहीच केलं नाही. बिघडलं ते माझ्या डोक्यात.

तिला कुणीतरी सांगितलं होतं, की ही तुझी आई. झालं. फोटोतली सुमन तिला परकी वाटायची, कारण लग्नातल्या त्या एकुलत्या एक फोटोत निम्मा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. पण टाक हाताला लागायचा. ऊन असायचा, माझ्या अंगाच्या उबेनं. सकाळी शाळेला निघताना ती माझ्यासमोर यायची, मान वर करायची, टाकावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "आई, येते." मग दप्तर उचलताना, दाराकडे वळता वळता, "मम्मी, येते." मला ती मम्मी म्हणते. आई म्हणजे टाक.

मी तिची वेणी घातलेली असायची. मी तिच्या डब्यात धपाटा आणि दह्याची वाटी भरलेली असायची. रात्रभर ताप असला तर मी उशाशी बसलेली असायची. आणि सकाळी तिची नजर माझ्या गळ्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. वर, तोंडापर्यंत, यायचीच नाही. शुक्रवारी ती टाक मागून घ्यायची आणि मोरीत पाटावर ठेवून, दुधापाण्यानं, "आईला आंघोळ घालते" म्हणून धुवायची. तोंडानं काय काय सांगत असायची त्याला! कुणाशी भांडण झालं, बाई काय म्हणाल्या, कुणाची पेन्सिल मोडली. ते मला कधी सांगितलं नाही. मी दाराआड उभी राहून ऐकायची.

लहान पोरीचा मत्सर वाटू शकतो? आणि मेलेल्या बाईचा? मला वाटला. इतका, की नवी साडी टाकाला दाखवताना मी मनात म्हणायची, बघ, तुझ्यापेक्षा मला बरी दिसते. हे हसण्यावारी न्यावं असं मलाही वाटतं. पण त्या वेळी मी हसत नव्हते.

मुक्ता चौथीत होती. श्रावण चालू होता. यांच्या कारखान्यात टॉवेलची मोठी मागणी घेऊन एक जर्मन व्यापारी आला आणि येताना बायकोला घेऊन आला. बाईंना टॉवेल बघायचे नव्हते. त्यांना इथल्या बायका घालतात तसा, हातानं घडवलेला एखादा दागिना न्यायचा होता. संध्याकाळी ते गाडीनं हैदराबादला जाणार होते. यांनी सकाळीच फोन केला — तुला दागिन्यातलं कळतं, तू ने, आणि जरा नीट बोल, बाईंना नाराज करू नकोस. मी नेसायला चांगली साडी काढली. शुक्रवार होता. मुक्तानं शाळेला जायच्या आधी टाकाला आंघोळ घातली, पुसला, आणि माझ्या हातात आणून दिला. तो मी माझ्या हातानं गळ्यात बांधला. हे लक्षात ठेवा. मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरू नका.

बाई स्वभावानं चांगल्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्याभोवती कसलासा निळा रुमाल. मी त्यांना आप्पा सोनारांच्या दुकानात नेलं. तेच ते, बोळातलं. आमचं घराण्याचं दुकान म्हणा ना. आत्याबाईंनी हा टाकसुद्धा आप्पांकडूनच करून घेतला होता. गादीवर बसून आप्पांनी एकेक डबी उघडली. ठुशी झाली, पुतळ्यांची माळ झाली, चांदीचे वाळे झाले, बुगड्या झाल्या. बाई प्रत्येक वस्तू हातात घ्यायच्या, उजेडात धरायच्या, छान म्हणायच्या आणि परत ठेवायच्या. मला घाम फुटायला लागला होता. त्यांना काय हवंय ते मला कळेना. शेवटी त्या म्हणाल्या — माझ्या इंग्रजीला जेवढं समजलं तेवढं सांगते — की हे सगळं सुंदर आहे, पण हे डबीतलं आहे. कुणाच्या तरी अंगावर राहिलेलं असं काही मिळेल का?

आणि मग त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात टाक होता. इतक्या वर्षांच्या घामानं, हळदीनं, मुक्ताच्या बोटानं कडा गुळगुळीत झालेल्या. बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी त्यावर बोट टेकवलं. अगदी जिथं मुक्ता टेकवायची तिथंच. असं काही मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. माझाच द्या असं त्या म्हणाल्या नाहीत. हे मी त्यांच्यावर ढकलू शकत नाही.

"करून देतो की," आप्पा म्हणाले. "चार दिवस थांबा म्हणावं."

थांबणं शक्य नव्हतं. बाई हसल्या, राहू दे म्हणाल्या. विषय तिथं संपला होता. कळतंय ना तुम्हाला? संपला होता. मला फक्त उठून चपला घालायच्या होत्या.

मी हात मागे नेले आणि गाठ सोडली.

आप्पांच्या लक्षात आधी आलं. त्यांच्या हातातली डबी तशीच राहिली. "वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे द्यायचं नसतंय. थोरलीचं हाय ते." बाईंनी मला विचारलं, हे काय म्हणतायत? आणि मी — किती सहज! — मी म्हणाले, ते म्हणतायत, हे फार जुनं आहे, फार शुभ आहे. बाईंनी टाक तळहातावर घेतला आणि विचारलं, ही कोण? मी म्हणाले, लक्ष्मी. शी इज लक्ष्मी. व्हेरी गुड लक.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण लक्ष्मी कळायला इंग्रजी कशाला यावं लागतंय?

बाई नको नको म्हणत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला मिठी मारली त्यांनी. एवढी मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही, असं काहीतरी म्हणाल्या. आणि मला — खरं सांगू? — मला ते आवडलं. आप्पांनी गुलाबी कागद घेतला, टाक कपाळाला लावला आणि पुडी बांधायला घेतली. बांधताना फार वेळ लावत होते. माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हणाले, आप्पा, आटपा, पाहुण्यांना उशीर होतोय.

आता पुढचं ऐका. कारण इथपर्यंत तुम्ही म्हणू शकाल, की झालं, भरात झालं, माणसाच्या हातून होतं असं. मीही कितीतरी वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण दुकानाबाहेर आल्यावर मी बाईंना म्हणाले, की आमच्यात एक रीत आहे. असा टाक गावाची शीव ओलांडेपर्यंत अंगावर घालायचा नाही आणि कुणाला दाखवायचाही नाही. पुडी तशीच पर्समध्ये ठेवा, घरी पोचल्यावरच उघडा. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. अशी रीत कुठं नाही. ती मी तिथंच, बोळात उभी राहून, रिक्षाला हात करता करता तयार केली. कारण संध्याकाळी हे त्यांना निरोप द्यायला हॉटेलवर जाणार होते, आणि यांनी बाईंच्या गळ्यात टाक बघितला असता तर? म्हणजे मी पूर्ण शुद्धीवर होते. माझं डोकं लख्ख चालत होतं.

घरी येताना रिक्षात गळ्याला वारा लागत होता. हलकं वाटत होतं. मी ठरवलं होतं काय सांगायचं ते. दोरा जुना झाला होता, बाजारात गर्दीत तुटला, कुठं पडला कळलंच नाही. साधी गोष्ट. आत्याबाई बोलल्या असत्या, मी ऐकून घेतलं असतं. मुक्ता रडली असती, मी जवळ घेतलं असतं. तेवढ्यावर भागलं असतं. तेवढं खोटं मी आज तुम्हाला सांगायलाही बसले नसते कदाचित.

मुक्ता शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि सवयीनं माझ्यापाशी आली, मान वर केली, बोट ठेवायला गेली. बोट नुसत्या कातडीला लागलं. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई कुठाय?"

मी समोर उभी होते. पुरणाचं ताट तयार होतं, औक्षणाचं निरांजन तयार होतं — श्रावणी शुक्रवार, मुलांना ओवाळायचा दिवस. त्या पोरीसाठी मी सकाळपासून राबले होते. आणि ती मला विचारत होती, आई कुठाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाजारातली गर्दी, तुटलेला दोरा, ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि माझ्या तोंडून आलं:

"सकाळी आंघोळ घालायला तूच घेतला होतास ना? मला कुठं परत दिलास?"

हे ते. इतकी वर्षं जे माझ्या घशात आहे, ते हे वाक्य.

"दिला की मम्मी," ती म्हणाली. तिला पक्कं आठवत होतं. "तूच बांधलास की."

आणि मी, शांतपणे, मायेनं म्हणाले, "नाही गं. आठव बरं नीट."

ती आठवायला लागली. मी बघत होते. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, नजर मोरीकडे गेली. चौथीतली पोर. एका बाजूला तिची स्वतःची आठवण आणि दुसऱ्या बाजूला घरातलं मोठं माणूस — ती कुणावर विश्वास ठेवणार? हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडला. दिला होता की नाही, हे तिला खरंच कळेनासं झालं. मग ती मोरीत पळाली.

पाट उचलला, बादली उलटी केली, जाळीत बोटं घातली. मी म्हणाले, राहू दे. ती ऐकेना. जाळीला लागून तिच्या बोटाचं साल गेलं. हे निरोप देऊन आले तेव्हा ती फरशीवर बसून होती, भिजलेल्या गणवेशात. यांनी पँट वर दुमडली, मोरीचं झाकण काढलं आणि हात कोपरापर्यंत आत घालून गाळ उपसला. गाळात केस निघाले, एक शर्टाचं बटण निघालं. दर वेळी काहीतरी चमकलं की मुक्ता पुढे व्हायची. मी मागे कंदिलासारखी टॉर्च धरून उभी. ज्या घरात ती वस्तू नाही, तिथं मी उजेड दाखवत होते.

आत्याबाई नातेपुत्याहून एसटीनं आल्या. पोरीला त्यांनी मारलं नाही. पदर तोंडाला लावून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सोताच्या आईला मोरीत सांडलीस की गं पोरी. आता कुटं शोदायचं तिला?" मुक्ता रडली नाही. तिनं मान खाली घातली आणि जेवली नाही. आत्याबाई दुसरा टाक करून आणू म्हणाल्या. मी नको म्हणाले. साळसूदपणे म्हणाले, की गळ्यात दिसला तर पोरीला रोज आठवण होईल, नकोच तो. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. सावत्र असून किती जपते, असं त्यांनी पुढे भावकीत सगळ्यांना सांगितलं.

आणि आता सगळ्यात अवघड. सांगू ना?

मला जे हवं होतं ते मिळालं. त्या दिवसानंतर मुक्ता माझी झाली. मी तिला जवळ घेऊन म्हणाले होते, तू लहान आहेस, होतं असं, मी नाही रागावले. त्या शब्दांना ती जी बिलगली ती बिलगलीच. शाळेतलं भांडण मला सांगायला लागली, पेन्सिल मोडलेली मला सांगायला लागली. सकाळी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघून "मम्मी, येते" म्हणायला लागली. आजही रोज फोन करते. सख्ख्या मुली करत नाहीत एवढा जीव लावते, असं माझी बहीण म्हणते आणि ते खरं आहे. माझ्या आयुष्यात त्याच्याएवढं मोलाचं काही नाही. आणि ते सगळं कशावर उभं आहे, ते मला माहीत आहे.

तिच्यावर काय परिणाम झाला तेही माहीत आहे. वर्गात सहलीचे पैसे सांभाळायला दिले की म्हणायची, माझ्याकडं नको, माझ्याकडनं हरवतं. कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा वर जाऊन ओढून बघते. अंगठी घालत नाही. लग्नात आम्ही केलेले दागिने तिनं दुसऱ्याच दिवशी पेटीत भरून माझ्या हातात दिले — मम्मी, तुझ्याकडेच राहू देत, तू नीट ठेवतेस. जावई हसले, मीही हसले. तुम्ही असता तर काय केलं असतं? नाही, हे विचारायला नको होतं.

सांगायची वेळ कितीदा आली. दहावीला ती आजारी पडली आणि तापात मोरी, मोरी म्हणत होती, तेव्हा. आत्याबाई गेल्या, तेव्हा. हळद लागायच्या आदल्या संध्याकाळी ती एकटीच सुमनच्या फोटोसमोर उभी होती, तेव्हा तर मी दारापर्यंत गेले होते. दर वेळी मी परत फिरले. लाज वाटली म्हणून नाही. ती माझ्याकडे बघायची थांबेल, या भीतीनं.

गेल्या महिन्यात मुक्ता पुण्याहून आली. एकटीच आली. दुपारी जरा बाजारात जाऊन येते म्हणाली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात गुलाबी कागदाची पुडी होती. मी ती पुडी बघितली आणि माझ्या हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आप्पांकडे गेले होते," ती म्हणाली. "अजून आहेत गं. मुलगा बघतो दुकान, ते नुसते बसून असतात. मी कोण ते सांगितलं तर ओळखलं त्यांनी."

मी विचारलं, काय म्हणाले?

"काही नाही. मम्मी बऱ्या हैत का, एवढंच विचारलं."

एवढंच? मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथं काही नव्हतं. म्हणजे आप्पा बोलले नव्हते. का बोलले नसतील? मला ठाऊक नाही, आणि मी विचारायला जाणार नाही.

तिनं पुडी उघडली. चांदीचा नवा टाक होता. पदर, कुंकू, जोडलेले हात. तिनं काळा दोराही आणला होता. माझ्या मागे जाऊन तिनं तो माझ्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि समोर येऊन बसली.

"लहानपणी माझ्याकडनं हरवली ना आई," ती म्हणाली. "तुला आज्जीकडनं काय काय ऐकावं लागलं असेल. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. पण मला नेहमी वाटतं मम्मी, की तुझ्या मनातून ते गेलं नसेल. आता तरी माफ केलंस ना?"

घरात आम्ही दोघीच होतो. हे कारखान्यात गेलेले. रेडिओ नाही, टीव्ही नाही, दारावर कुणी नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं. एवढी मोकळी वाट मला कधी मिळाली नव्हती, पुन्हा मिळणार नाही.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "केलं गं. कधीच केलं."

ती माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली. चौथीत जे रडली नव्हती ते सगळं रडली. मी तिची पाठ थोपटत होते. मी तिला माफ केलं.